नर्सिंगच्या मुली, त्यांचा ताण आणि आईची काशाची वाटी

(इंदूरच्या आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दुपारच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





या मंडपात मी लहानपणापासून येतो. सतरंज्या घातल्या, माइक लावला, अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या बघायला तुमच्यातल्या अनेकांबरोबर रात्रभर जेल रोडवर उभा राहिलो. पण माइकच्या या बाजूला आज पहिल्यांदाच उभा आहे. आरोग्यावर बोलायला दरवर्षी डॉक्टर येतात. यंदाच्या डॉक्टरांना ऐन वेळी बाहेरगावी जावं लागलं आणि समितीतल्या कुणाला तरी आठवलं की मी दवाखान्यात असतो. मी दवाखान्यात असतो हे खरं, पण खिडकीच्या आत. डी. फार्म. केलेला साधा सरकारी फार्मासिस्ट. एकवीस वर्षं झाली, चिठ्ठी घ्यायची, गोळ्या द्यायच्या, ‘सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर’ म्हणायचं. त्यामुळे डॉक्टरांसारखं बोलता येणार नाही. जे रोज समोर दिसतं आणि जे घरात घडलं, तेवढंच सांगतो.

विषय मी नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचा घेतला आहे. कारण उघड आहे. माझी मुलगी बी. एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते माहीत आहे. उरलेल्या निम्म्यांना ‘ती मेडिकल लाइनला आहे’ एवढंच माहीत आहे, कारण पहिलं वर्षभर आम्ही घरचे लोकच तसं सांगत होतो.

ही गोष्ट आधी कबूल करून टाकतो. मुलीने बारावीनंतर नर्सिंगला जाते म्हटलं तेव्हा घरात चार दिवस कुणी धड जेवलं नाही. माझे पणजोबा होळकरांच्या पदरी कारकून होते, आजोबा शाळेत मास्तर, वडील बँकेत. ‘आपल्यातल्या मुली नर्स होत नाहीत’ हे वाक्य माझ्या एका नातेवाइकांनी उच्चारलं आणि मी त्यांना अडवलं नाही. ज्या माणसाचा पगार एकवीस वर्षं सिस्टर लोकांच्या शेजारी बसून येतो, त्याने हे अडवायला हवं होतं.

खरं म्हणजे आपल्याकडे या कामाची परंपरा केवढी मोठी! चरकाने उपचाराचे चार पाय सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी काय असावं तेही सांगितलं आहे : उपचाराचं ज्ञान, हातात कौशल्य, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता. चारांतला एक पाय लुळा असेल तर खाट उभी राहील का? सावित्रीबाई फुले गेल्या त्या प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता लागण होऊन, १० मार्च १८९७ रोजी. आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणून फोटोला हार घालतो, पण त्यांचा शेवट रोग्याची सेवा करताना झाला हे पटकन आठवत नाही. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने, ते १९०९ साली सुरू झालं, घराघरांतल्या विधवा आणि परित्यक्ता बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं. तेव्हाच्या लोकांनी नाकं मुरडलीच. शंभरावर वर्षं झाली, आम्ही इंदुरात बसून अजून मुरडत होतो.

आता या मुलींचा दिवस कसा असतो ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला त्याची कल्पना नसते. आपल्याला वाटतं कॉलेज म्हणजे दहा ते पाच. यांना पहाटे साडेपाचला उठून बाथरूमच्या रांगेत उभं राहायचं असतं. साडेसातला गणवेश कडक, केस जाळीत बांधलेले, आणि वॉर्डात हजर. तिथे बिछाने लावणं, बीपी-नाडी-ताप घेऊन चार्ट भरणं, तोंड धुणं, बेडपॅन, ड्रेसिंगचा ट्रे. राउंडच्या वेळी डॉक्टर विचारणार, इनचार्ज सिस्टर विचारणार, नातेवाईक ओरडणार. दुपारी वर्ग. संध्याकाळी केस स्टडी लिहायची, लॉगबुकवर सह्या घ्यायला मॅडमच्या मागे फिरायचं. त्यात रात्रपाळीची पोस्टिंग आली की रात्री आठ ते सकाळी आठ, आणि बारा तास उभं राहून आल्यावर हॉस्टेलच्या खोलीत झोपायचं कसं, तर शेजारची मुलगी पाठ करतेय, खाली मेसवाला भांडी आपटतोय, दारावर कुणीतरी हजेरीला बोलावतंय.

आणि पुस्तकं इंग्रजीत. आमच्या मुलीला ते फार जड गेलं नाही. पण तिच्या खोलीत एक मुलगी झाबुआकडची आहे. तिची घरची भाषा भिली, शाळा हिंदीत, आणि इथे ॲनाटॉमी इंग्रजीत. म्हणजे ती मुलगी प्रत्येक ओळ दोनदा भाषांतर करून समजून घेते आणि मग पाठ करते. शिवाय घरून आलेले पैसे महिन्याच्या वीस तारखेला संपतात. अशा मुलीला आपण व्यासपीठावरून सांगतो, ‘सकारात्मक विचार करा.’

पहिल्या वर्षी त्यांचा दीपप्रज्वलनाचा समारंभ असतो. हातात दिवा घेऊन पांढऱ्या कपड्यांतल्या मुली शपथ घेतात. मी तिथे बसून रडलो होतो, बायकोने कोपर मारलं. त्या दिवशी मला वाटलं, झालं, आता पोरगी मार्गी लागली.

दुसऱ्या वर्षी, थंडीचे दिवस होते, तिची मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग होती. तिथे अकरा नंबरच्या खाटेवर एक आजोबा होते. दम्याचे जुने रोगी, घरचं कुणी विशेष येत नसे. ही त्यांना चमच्याने दूध पाजायची. ते हिला ‘बेटा सिस्टर’ म्हणायचे. एका सकाळी ही गेली तर अकरा नंबरवर चादर बदललेली आणि दुसराच माणूस झोपलेला. कुणी काही सांगितलं नाही, कारण वॉर्डात हे सांगायची पद्धतच नाही. काम सुरू. तिने त्या नव्या माणसाचं बीपी घेतलं, चार्ट भरला, आकडा चुकला, आणि सगळ्यांच्या देखत बोलणी खाल्ली.

त्या रात्री दोन वाजता तिचा मला फोन आला. ‘बाबा, मला नाही जमणार हे.’

मी काय म्हटलं ते शब्द मला अजून तोंडपाठ आहेत. मी म्हटलं, ‘अगं, सगळ्यांनाच होतं असं. सवय होते. रात्री जागू नकोस. आणि इंटर्नलचे मार्क आले का?’

ती ‘नाही अजून’ म्हणाली आणि फोन ठेवला. मी पाच मिनिटांत झोपलो.

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. मला वाटलं, रुळली. तीन आठवड्यांनी त्या झाबुआच्या मुलीचा फोन आला, घाबरत घाबरत हिंदीत बोलली की अंकल, ही जेवत नाही, दोन-दोन दिवस बोलत नाही, तुम्ही येऊन जा. मी आणि बायको जाऊन तिला घेऊन आलो. वजन कमी झालेलं, डोळ्यांखाली काळं. माझ्या डोक्यात लगेच हिशेब, हिमोग्लोबिन करू, व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह करू, थायरॉइड करू. तपासण्या केल्याही. त्या करायलाच हव्यात, कारण मुलींना रक्त कमी असेल तरी असाच थकवा येतो आणि आपण त्याला ताण म्हणत बसतो. तिचं हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं. गोळ्या सुरू केल्या. पण तेवढ्याने ती बोलायला लागली नाही.

बोलायला लावलं माझ्या आईने. आई पंच्याहत्तरीची आहे, चौथीपर्यंत शिकलेली. तिच्याकडे एक काशाची वाटी आहे, तिच्या सासूने तिला दिलेली. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत असेल, माळ्यावर किंवा देवघराच्या कपाटात. आईने पहिल्या रात्री काही न विचारता नातीचे पाय मांडीवर घेतले, तळपायाला साजूक तूप लावलं आणि वाटीने गोल गोल घासायला सुरुवात केली. एकेका पायाला दहा-पंधरा मिनिटं. पोरगी त्यातच झोपून गेली. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होतो आणि मला ऐकू आलं, ती आजीला अकरा नंबरच्या खाटेचं सांगत होती. सगळं सांगितलं. दूध, चमचा, बदललेली चादर.

आईने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘नाव काय होतं गं त्यांचं?’

पोरीने नाव सांगितलं, आणि मग कितीतरी वेळ रडली.

मी पेपर तसाच धरून बसलो होतो. मी मार्क विचारले होते.

सकाळी आईने देवापुढे दिवा लावताना त्या आजोबांचं नाव घेतलं. त्यांचा धर्म वेगळा होता. आईला ते माहीत होतं, नावावरून कळत होतंच. तिने तेव्हाही काही चर्चा केली नाही. आठ दिवसांनी मुलगी परत गेली.

आता मी फार्मासिस्ट आहे म्हणून या वाटीबद्दल दोन शब्द खरे खरे बोलायला हवेत, नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल की काशाच्या वाटीने डिप्रेशन बरं होतं असं अमुक अमुक मंडपात सांगून गेला. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. वाटी घासली की तळपाय आणि तूप काळपट होतं. आई म्हणते, ‘बघ, केवढी उष्णता निघाली.’ मी आईला कधी उलट बोललो नाही, पण इथे सांगतो. तो काळेपणा धातूचा आहे. तूप किंवा तेल, घाम आणि धातू घासले गेले की धातूचे सूक्ष्म कण आणि त्यांची संयुगं तयार होतात, ती काळी दिसतात. स्वच्छ तळपायावर घासलं तरी काळं होणारच. उष्णता मोजायची तर त्याला थर्मामीटर आहे.

मग फायदा कशाचा? तळपायाला मज्जातंतूंची टोकं भरपूर असतात, दिवसभर उभ्या असलेल्या पायाचे स्नायू सैल होतात, स्पर्शाने शरीर शांत होतं. वाग्भटानेही अंगाला तेल लावायला सांगताना डोकं, कान आणि पाय यांचा खास उल्लेख केला आहे, ते उगीच नाही. आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट ही की अर्धा तास दुसऱ्या माणसाने तुमचे पाय हातात धरलेले असतात आणि त्याला तुमच्याकडून काही नको असतं. ज्या मुली दिवसभर दुसऱ्यांची अंगं पुसतात, त्यांच्या पायाला हात लावणारं कुणी नसतं.

परंपरेच्या बाबतीत नर्सिंगच्या मुली मोठ्या विचित्र पेचात सापडतात. त्यांना कॉलेजात शिकवतात की समाजात जा आणि हानिकारक रूढी थांबवा. नवजात बाळाला काजळ घालू नका, त्यात शिसं असू शकतं. नाळेला काही लावू नका, कोरडी राहू द्या. पहिलं चिकाचं दूध फेकू नका, तीच बाळाची पहिली लस समजा. सहा महिने बाळगुटी नको, मध नको, पाणीसुद्धा नको. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, धुराचा विषारी वायू कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो. हे सगळं शंभर टक्के बरोबर आहे, आणि इथल्या आज्यांनी माझ्यावर रागावलं तरी मी ते परत सांगेन. पोटावर बिब्बा घालणं तर कुणी करूच नये, कातडी जळते.

पण त्याच आजीच्या डिंकाच्या लाडवाला आणि अळिवाच्या खिरीला नावं ठेवायचं कारण नाही. अळिवात लोह चांगलं असतं. हलक्या हाताने बाळाला तेल लावणं चांगलंच आहे. म्हणजे सगळी परंपरा टाकाऊ नाही आणि सगळी डोक्यावर घेण्यासारखीही नाही. एकेक गोष्ट हातात घेऊन बघावी लागते, आणि वीस वर्षांच्या मुलीला ते परक्या गावात, परक्या सासूपुढे उभं राहून करायचं असतं.

त्या झाबुआच्या मुलीची गोष्ट सांगतो, तिची परवानगी घेतली आहे. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी निमोनिया झाला तेव्हा पोटावर तापलेल्या सळईने डागलं होतं. आपल्या मध्य प्रदेशात आणि तिकडे मेळघाटातही ही चाल अजून पुरती गेलेली नाही. भाऊ वाचला तो पुढे सरकारी दवाखान्यात नेला म्हणून, पण पोटावर ते व्रण आहेत. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये हिला अशाच एका गावात ‘डागू नका’ म्हणून सांगायला पाठवलं. हिने छान सांगितलं, तक्ते दाखवले, मॅडमने शाबासकी दिली. रात्री हॉस्टेलमध्ये येऊन ती माझ्या मुलीला म्हणाली, ‘आज मी माझ्याच आजीच्या विरोधात भाषण देऊन आले.’ कारण भावाला डागायला बडव्याकडे नेणारी आजीच होती. आणि तो आजारी असताना सात रात्री त्याला मांडीवर घेऊन जागणारीही तीच.

या ताणाला कुठल्या प्रश्नावलीत रकाना आहे? मला एक प्रश्नावली माहीत आहे, मुलीनेच दाखवली. दहा प्रश्नांची असते, गेल्या महिन्यात किती वेळा अमुक वाटलं, तमुक वाटलं, शून्य ते चार गुण द्यायचे. चाळीसपैकी तेरापर्यंत आले तर ताण कमी, सव्वीसपर्यंत मध्यम, त्यावर जास्त. त्यांच्या अभ्यासात असते ती. उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. घरी बसून मीही भरली. माझे एकोणीस आले. बायको म्हणाली, तुम्हाला कसला ताण, मार्च एंडिंग सोडून?

उपायांचं थोडं बोलतो, कारण आरोग्याच्या कार्यक्रमात उपाय नाही सांगितले तर अध्यक्ष मानधनाचा नारळ परत घेतील.

श्वासाचं तंत्र खरोखर उपयोगी आहे आणि त्याला पैसा पडत नाही. श्वास सोडताना हृदयाची गती आपोआप थोडी मंद होते, घेताना वाढते. म्हणून श्वास सोडण्याचा काळ लांबवला की शरीराला ‘आता धोका नाही’ असा निरोप जातो. भ्रामरीत तेच होतं. घुमत घुमत सोडला की श्वास आपसूक लांबतो. आपल्या स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते हेच बघायला, की योगाने शरीरात नेमकं काय होतं ते उपकरणं लावून मोजता येतं का. श्रद्धा ठेवा पण मोजा, ही त्यांची रीत मला फार आवडते. मुलगी आता इंजेक्शन देण्याआधी औषधाच्या ट्रेपाशी उभी राहून पाच श्वास असे घेते. कुणाला कळतही नाही. सूर्यनमस्कार मात्र रात्रपाळीहून आलेल्या मुलीला घालायला सांगू नका. तिला झोपू द्या.

झोपेचं तर काय सांगू! आपल्याकडे दुपारी झोपलेली मुलगी म्हणजे आळशी. रात्रभर जागून घरी आलेल्या मुलीला सकाळी दहाला हाक मारून ‘अगं, पाहुणे आलेत, पोहे कर’ म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. पहाटे तीन ते पाच हा त्याचा सगळ्यात मंद काळ, चुका तेव्हाच होतात. रात्रपाळीहून येताना डोळ्यांवर गॉगल, खोलीला जाड पडदा, पहाटे चारनंतर चहा नाही, आणि घरच्यांनी फोन करायचा नाही. यात परंपरा नाही की आधुनिकता नाही, नुसती माणुसकी आहे.

आणि एक माझ्या खिडकीवरचं. वर्षातून दोन-चार वेळा तरी एखादी शिकाऊ मुलगी येते आणि हळूच विचारते, ‘सर, नींद की कोई गोली?’ अल्प्राझोलामसारख्या गोळ्या एच-वन यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, दुकानदाराला त्याची वही वेगळी ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. हे उगाच केलेलं नाही. सवय लागते आणि सुटताना फार त्रास होतो. तेव्हा त्या म्हणतात, ‘मग अश्वगंधा घेऊ? ती तर आयुर्वेदिक आहे.’ आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, हा आपला मोठा गैरसमज. थायरॉइडच्या आणि झोपेच्या औषधांबरोबर अश्वगंधा जपून, गरोदरपणात नाहीच, आणि क्वचित काही लोकांच्या यकृताला त्रास झाल्याची नोंद आहे. वैद्याला विचारून घ्या, मोबाइलवर बघून नाही.

पूर्वी मी ‘गोळी नाही मिळणार’ म्हणून खिडकी बंद करायचो. आता बाहेर येतो, बाकावर बसतो आणि विचारतो, कुठल्या वॉर्डात आहेस? दहापैकी आठ वेळा अशीच एखादी अकरा नंबरची खाट निघते. फार गंभीर वाटलं, जगणं नको असं काही बोलली, तर डॉक्टरकडे नेतो, आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लिहून देतो. तो केंद्र सरकारचा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि बऱ्याच भाषांत बोलतात. तुम्हीही लिहून घ्या. घ्या, मी थांबतो.

बरं, या सगळ्यावर तेल-तूप-प्राणायाम हा उपाय नव्हे असं मला वाटतं, आणि ते मी सरकारी नोकर असूनही बोलतो. आपल्या राज्यात नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण कोर्टात गेलं, सीबीआयची चौकशी झाली, आणि त्यात हजारो मुलींची पहिल्या वर्षाची परीक्षा तीन-तीन वर्षं रखडली. चार वर्षांची पदवी, आणि तीन वर्षं पहिल्याच वर्षात! ज्या बापाने शेत गहाण टाकून फी भरली त्याच्या मुलीला भ्रामरी शिकवायला मी कुठल्या तोंडाने जाऊ? तिथे परीक्षाच घ्यायला हवी होती. पुढचं मनातल्या मनात बोलतो.

आनंदाचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल या पोरी नुसत्या रडतात. गेल्या श्रावणात मुलीची लेबर रूमची पोस्टिंग होती. पहाटे पावणेपाचला फोन आला. आता माझा फोन उशाशीच असतो आणि मी मार्क विचारत नाही. मला वाटलं, पुन्हा काही झालं. तर पलीकडून ओरडली, ‘बाबा, झाली! मी धरली!’ सिस्टरच्या हाताखाली तिने पहिली प्रसूती केली होती. मुलगी, दोन किलो आठशे ग्रॅम. बाळ रडायला अर्धा मिनिट लागला आणि तो अर्धा मिनिट किती मोठा होता ते ती मला वीस मिनिटं सांगत होती. मागून झाबुआची मैत्रीण ओरडत होती की नाळ मी कापली. रात्रभर उभ्या होत्या दोघी, आणि आवाज असा की जणू जत्रेतून आल्यात. हिला मी विचारलं, आता झोपशील ना? म्हणाली, ‘झोप कसली, आधी पोहे-जलेबी खाणार.’ नर्सिंगमध्ये आनंद आहे की नाही हे मला तेव्हा कळलं, आणि तो ताण संपल्यावर येतो असंही नाही. त्याच वॉर्डात, त्याच रात्री, दोन्ही असतात.

आता माझी मंडळाकडे एक मागणी आहे. वर्गणीची नाही, घाबरू नका.

इंदुरात नर्सिंगची किती कॉलेजं आहेत ते आपण रोज पाट्यांवर बघतो. धार, झाबुआ, बडवानी, आलीराजपूर, खरगोन, खंडवा, कुठून कुठून मुली येऊन राहतात. त्यांत मराठी मुलीही आहेत, बुऱ्हाणपूरकडच्या, बैतूल-छिंदवाड्याकडच्या. त्यांना इथे ओळखीचं एक घर नसतं. आमच्या घरी गेल्या फेब्रुवारीपासून महिन्यातून एका रविवारी चार-पाच मुली जेवायला येतात. वरण-भात, भाजी, पोळी, आई कधी पुरण घालते, आणि झाबुआची मुलगी घरून मक्याचं पीठ आणते, त्याची भाकरी ती स्वतः थापते. आई तिच्याकडून ती शिकतेय आणि तिला काही अजून जमत नाही. जेवण झालं की मुली गादीवर आडव्या होतात आणि चार वाजेपर्यंत मेल्यासारख्या झोपतात. त्यांना भजन नको, व्याख्यान नको, खेळ नको.

आपल्या मंडळात सव्वाशे घरं आहेत. त्यातल्या दहा घरांनी महिन्याचा एक रविवार दिला तरी चाळीस-पन्नास मुली जेवून झोपून जातील. दोनच नियम आम्ही पाळतो. मार्क विचारायचे नाहीत आणि लग्नाचं विचारायचं नाही. मागच्या महिन्यात आमच्या एका मावशींनी दुसरा नियम मोडला, त्या इथेच बसल्या आहेत, नाव घेत नाही.

वही खजिनदारांच्या टेबलावर ठेवली आहे. नाव, पत्ता, कोणता रविवार, आणि किती मुली, एवढंच लिहायचं. पहिली ओळ आईने भरली आहे. तिला लिहायची सवय नाही म्हणून अक्षर मोठं आलंय, तिने दोन ओळींची जागा घेतली आहे, तेवढं चालवून घ्या. वाटीसुद्धा आणली आहे, वहीशेजारी आहे. ज्यांना बघायची त्यांनी बघावी, फक्त घासायला चिंच वापरू नये असं आईने सांगून पाठवलंय.

आरतीची वेळ झाली आहे. बोला, गणपती बाप्पा...